मी कळ काढतो

भडंगासाठी लसूण तेलात पडला की नलिनीबाई आरवाडे कुणाशी बोलत नसत. पाकळी पिवळीची बदामी होते आणि बदामीची काळी, त्यामध्ये एक श्वास घेण्याइतकीच सवड असते, असं त्यांचं म्हणणं. त्या रविवारी मात्र त्या बोलत होत्या. मुलगी संध्याकाळच्या गाडीनं नागपूरला परत निघालेली, मग गप्प कोण राहणार. बोलण्याच्या नादात झारा बाजूला राहिला आणि उकळत्या तेलाच्या काठावरची एक पाकळी त्यांनी बोटांनीच उचलली.

“भाजलं?” केतकीनं विचारलं.

“नाही.”

“वहिनी, दाखव बोट.”

“बोटात काय बघायचं. कळ काढायची जरा, जातं आपोआप.” त्यांनी बोट नळाखालीही धरलं नाही. दुसऱ्या हातानं चुरमुऱ्यांची परात ओढली आणि मसाला पसरायला लागल्या.

केतकी आईला वहिनी म्हणायची. मिरजेत कृष्णाघाटाजवळच्या त्या घरात ती जन्मली तेव्हा तीन काका बिनलग्नाचे होते आणि दिवसभर घरात एकच हाक फिरायची. वहिनी चहा, वहिनी माझा शर्ट, वहिनी पोरगी रडतीय. पोरगी बोलायला लागली तेव्हा तिनं तीच हाक उचलली. तिचे वडील लवकर गेले, काका एकेक करून वेगळे झाले, हाक मात्र राहिली. शाळेच्या मैदानावर पडल्यावर बाकीच्या मुली “आई गं” म्हणून गुडघा धरायच्या. केतकी ओठ आवळून बसायची. “वहिनी गं” असं कुणी ओरडतं का? सोसायची सवय तिला अशी हाकेअभावी लागली आणि मोठेपणी लोक तिला संयमी म्हणू लागले.

“मी पाच वाजता निघते,” ती म्हणाली.

“निघते!” वहिनी हसल्या. “नागपूरला जाऊन पार पुस्तकी झालीस की गं. आमच्यात बायका निघतो म्हणतात. मी निघतो, मी येतो, मी जेवतो. शेजारची चांदबी तसंच म्हणती, तुझी आजी तसंच म्हणायची. तू निघते म्हणलीस म्हणून गाडी काय लवकर सुटणार आहे?”

“नागपुरात ‘मी निघतो’ म्हटलं की लोक मागं वळून बघतात.”

“बघू देत. तेवढंच कुणीतरी बघतंय तुझ्याकडं.”

ही लग्नाच्या विषयाची नांदी होती. केतकीनं भडंगाचा घास तोंडात कोंबला आणि विषय तिथंच मिटला. संध्याकाळी वहिनींनी तिला स्कूटरवरून स्टेशनवर सोडलं. गाडी हलली तेव्हा त्या खिडकीबरोबर चार पावलं चालल्या.

“पोचलीस की फोन कर.”

“करते.”

“करतो,” वहिनींनी दुरुस्त केलं आणि भाजलेलं बोट हलवून निरोप दिला.

*

केतकी नागपुरातल्या आपल्या खोलीचं कुलूप उघडत होती तेव्हा फोन वाजला. धाकटा काका, विनूकाका.

“केतू, वहिनीला लागलंय.” मग घसा खाकरल्याचा आवाज. “बरंच लागलंय. हळदीच्या गोदामापाशी. टेम्पो मागं घेताना.”

टेम्पोला चालक नव्हता. आता बहुतेकांना नसतोच. मागचं बघायला त्याला काचेचा एक डोळा होता आणि त्या डोळ्यावर पोत्यांतून उडालेली हळद थरावर थर बसली होती. टेम्पोच्या लेखी मागं एक पिवळी भिंत होती, कालही होती, परवाही होती. वहिनींची स्कूटर त्या भिंतीच्या आत होती.

“फोन तिच्या कानाला लाव,” केतकी म्हणाली.

“लावतो. मला खाली सही करायला बोलवायलेत. बोल तू.”

केतकीला पलीकडून ऑक्सिजनचा फुसफुस आवाज तेवढा ऐकू आला. काय बोलावं ते सुचेना. मग तिला तेच शब्द सुचले जे त्या घरात प्रत्येक तापाला, प्रत्येक मोचलेल्या पायाला आणि प्रत्येक बाराव्या दिवशी बोलले गेले होते.

“वहिनी, मी निघाले. कळ काढ. मी येतेय.”

फोन कट झाला. वहिनींना ऐकू गेलं की नाही, ते तिला कळलं नाही.

विमान, मग पुण्याहून गाडी. ती अतिदक्षता विभागात पोचली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. आत वहिनी पांढऱ्या चादरीखाली अगदी निवांत पडल्या होत्या, दुपारी पाठ टेकावी तशा. “वहिनी, मी आले,” केतकी म्हणाली आणि तिनं तो हात हातात घेतला ज्याचं बोट भाजलेलं होतं.

वहिनींनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पिळवटून गेला. सबंध अंग ताठ झालं. “आई गं,” त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, “आई गं.” नर्स धावली, औषध वाढवलं गेलं, पडदा ओढला गेला. रात्र व्हायच्या आत त्या गेल्या.

बाहेर बाकावर विनूकाका रडता रडता म्हणाला, “दिवसभर एकदासुद्धा कण्हली नाही गं, नुसतं मास्कमध्ये काहीतरी पुटपुटायची. डॉक्टरसुद्धा म्हणत होते, काय बाई आहे. आणि तू आलीस आणि...”

त्याचं वाक्य अर्धंच राहिलं. केतकीनं ते पुढं कित्येक महिने मनातल्या मनात पुरं केलं.

*

साक्षीपट्टी येण्याआधी अपघातातल्या दुखण्याची भरपाई ठरवण्याची एक ओबडधोबड रीत होती. दवाखान्याचं बिल घ्यायचं आणि त्याला गुणायचं. जखम साधी असेल तर दीडपट, जन्माची असेल तर चौपट. बिल मोठं म्हणजे दुखणं मोठं. त्यामुळं भारी दवाखान्यात वातानुकूलित खोलीत बऱ्या झालेल्या मनगटाची किंमत चांगली यायची, आणि सरकारी दवाखान्यात फुकटात हाड बसवून घेतलेला हमाल कायद्याच्या लेखी फारसा विव्हळलेलाच नसायचा. सगळ्यांना ते चूक आहे हे दिसत होतं. पण दुसऱ्याचं दुखणं मोजायचं कसं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग पट्टी आली. बोटभर लांब, कातडीच्या रंगाची. रुग्णवाहिकेतच मानेमागे चिकटवतात. शरीरात कुठं इजा झाली की तिथून निघालेला निरोप नसांवाटे मणक्यात येतो आणि मणक्यातून वर मेंदूत चढतो. तो चढला की आपण म्हणतो, दुखलं. हा निरोप म्हणजे विजेची अतिसूक्ष्म थरथर, आणि पट्टी ती थरथर कातडीवरून ऐकते. शेजारी होणारं बोलणंही ती टिपते, पण खासगीपणाच्या नियमापायी आवाज ठेवत नाही. यंत्र बोलण्याचे शब्द करतं आणि आवाज पुसून टाकतं.

कायदा बदलला. बिल वेगळं, दुखणं वेगळं. बिल द्यायचंच, पण यातनेची भरपाई बिलाच्या पटीत नाही, पट्टीच्या आलेखावर. बेशुद्ध माणसाची, तान्ह्या बाळाची, मुक्या माणसाची साक्ष पहिल्यांदा कोर्टात उभी राहिली. केतकीनं त्या वेळी हे सगळं वाचलं होतं आणि तिला ते न्यायाचं वाटलं होतं. अजूनही वाटत होतं. फक्त वहिनींचा आलेख तिच्यापुढं आला तेव्हा तिला तो समजेना.

तो जवळजवळ सपाट होता.

“हे बघा,” ॲडव्होकेट नसीमा शिकलगार म्हणाल्या. मिरजेतल्या त्यांच्या कचेरीत भिंतीला टेकवलेल्या तीन सतारी होत्या, आजोबांनी बनवलेल्या, आणि पक्षकार रडायला लागला की शिकलगारबाई त्याला एखादी तार छेडू देत, असं ऐकिवात होतं. केतकीला त्यांनी तसं काही सुचवलं नाही. “बिल विमा कंपनीनं दिलं. त्यावर वाद नाही. शस्त्रक्रिया, रक्त, यंत्रं, केवढं मोठं बिल. जुन्या रीतीनं गेलं असतं तर आज कंपनी गयावया करत आली असती. पण आता ती म्हणते, कंबरेचं हाड मोडलं, फासळ्या मोडल्या, तरी बाईंना दिवसभर विशेष दुखलंच नाही. पट्टीच सांगते.”

“आणि शेवटी?”

“शेवटी एक मोठा उंचवटा आहे. सगळ्या दिवसात एकच.” शिकलगारांनी चष्मा काढला. “त्यावर कंपनीचं म्हणणं वाचते. हसू नका. ‘सायंकाळी मृताची नणंद खोलीत आल्यानंतर वेदना एकाएकी वाढली. ती अपघातजन्य नसून कौटुंबिक ताणातून उद्भवली असल्याने भरपाईस पात्र नाही.’”

“नणंद?”

“तुम्ही आत जाऊन काय म्हणालात?”

“वहिनी, मी आले.”

“मग झालं की. वहिनी म्हणणारी बाई म्हणजे नणंद. यंत्राला तरी काय ठाऊक.” शिकलगार खळखळून हसल्या. “माझी नणंद हे वाचेल तर कंपनीवर वेगळा दावा लावेल. घाबरू नका, तुम्ही मुलगी आहात हे सिद्ध करायला मिनिट लागेल. मग त्यांचा मुद्दा उडाला.”

केतकी हसली नाही. मुद्दा उडत नव्हता. नणंदेच्या जागी मुलगी आली, एवढंच. आपण आलो आणि तिला सगळ्यात जास्त दुखलं. हे आता काकाच्या अर्ध्या वाक्यात नव्हतं, विजेच्या रेषेत होतं.

“मला भरपाई किती मिळते त्याच्याशी काही देणंघेणं नाही,” ती सावकाश म्हणाली. “तो उंचवटा कशाचा आहे, तेवढं मला हवंय.”

*

सुनावणीला विनूकाका इस्त्रीचा सदरा घालून मागच्या बाकावर बसला होता. न्यायाधीश कुंभोजे नावाच्या पन्नाशीच्या बाई होत्या. कंपनीचे वकील मगदूम मृदू बोलत, दुःखी घरात बसायला आलेल्या माणसासारखे.

“नणंद नव्हे, कन्या. मान्य,” मगदूम म्हणाले. “आमच्या यंत्राची चूक. पण त्या दिवसाची बाकीची नोंदही पाहावी, ही विनंती. बाईंची काळजी उत्तम घेतली जात होती. एक परिचर सतत उशाशी होता. नोंदीत त्याचं बोलणं सकाळपासून संध्याकाळपर्यंत सापडतं. ‘पुरुष: मी कळ काढतो.’ पुन्हा, ‘पुरुष: मी कळ काढतो, तू ये.’ बहुधा दुसऱ्या परिचराला बोलावत असावा. हे वाक्य दिवसभरात कितीतरी वेळा आहे. असा सोबती असल्यावर रुग्णाला आराम वाटला यात नवल...”

“कुठला पुरुष?” मागून आवाज आला.

“आपण कोण?” न्यायाधीशांनी विचारलं.

“मी विनायक आरवाडे. दीर.” विनूकाका उठून उभा राहिला होता, बाकाची पाठ धरून. “दारात बसून होतो दिवसभर. आत सगळ्या नर्सबायाच. पुरुष कुठला नव्हताच, साहेब. म्हणजे बाईसाहेब. ते वहिनीचं बोलणं आहे. आमच्यात बायका येतो-जातोच म्हणतात. तोंडावर तो मास्क, आवाज घोगरा, तुमच्या मशीननं ‘काढतो’ ऐकलं आणि बाप्या करून टाकला तिचा.”

कोर्टात हशा झाला. न्यायाधीशही हसल्या, त्यांचं कुंभोज गाव काही मिरजेहून दूर नाही, त्यांची आजीही येतो-जातो म्हणतच गेली असणार. मगदूमांनी कागद खाली ठेवला.

केतकीला हशा लांबून ऐकू आला. *मी कळ काढतो, तू ये.* म्हणजे ऐकू गेलं होतं. फोन कट झाल्यावर वहिनींनी उत्तर दिलं होतं, आणि पलीकडं कुणी नाही हे न कळता दिवसभर देतच राहिल्या होत्या.

न्यायाधीशांनी पट्टीच्या तज्ज्ञ डॉ. टोणपे यांना बोलावलं. उंच, पाठीत किंचित वाकलेल्या, बोलण्याआधी थांबणाऱ्या. त्यांनी सपाट आलेख भिंतीवर लावला.

“ही पट्टी दोन गोष्टी ऐकते,” त्या म्हणाल्या. “कायदा एकच मोजतो, म्हणून दुसरी कुणी मागत नाही. खालून वर जाणारा प्रवाह म्हणजे दुखणं. पण वरून खाली येणाराही एक असतो. मेंदूच्या तळाशी बोराएवढी जागा आहे. तिथून निघालेले तंतू मणक्यात उतरतात आणि दुखण्याचा निरोप जिथून चढतो त्या दारापाशी येऊन दार लोटून घेतात. शरीर स्वतःचीच अफू करून त्या फटीत भरतं. जळत्या घरातून पोर बाहेर काढणाऱ्या बाईला आपले हात भाजल्याचं पोर खाली ठेवेपर्यंत कळत नाही, ते यामुळं.”

त्यांनी आलेखाच्या खाली दुसरी रेषा उमटवली. ती रेषा नव्हतीच. भिंतभर उभी राहिलेली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत न उतरलेली, कड्यासारखी आकृती होती. 

“हे औषधानं झालं असेल,” मगदूम म्हणाले, पण आवाज पडलेला होता.

“औषधानं दोन्ही प्रवाह मंदावतात. इथं वरून खाली येणारा गर्जतोय.” डॉ. टोणपे थांबल्या. “ही ताकद माणसाला थोडा वेळ पुरते. काही मिनिटं. फार तर लढाईपुरती. पुस्तकात तसंच लिहिलंय, मीही तसंच शिकवते. सबंध दिवस कुणी हे दार धरून ठेवल्याचा आलेख मी पाहिलेला नाही. वरची रेषा सपाट आहे ती दुखत नव्हतं म्हणून नाही. आणि हे जे धरून ठेवणं आहे, याला काय म्हणायचं, मला माहीत नाही. कायद्यात त्याला नाव नाही.”

“मराठीत आहे,” केतकी म्हणाली.

न्यायाधीशांनी तिच्याकडे पाहिलं.

“कळ काढणं.”

*

वारसाला एक हक्क असतो, तो फार थोडे लोक बजावतात. आलेख म्हणजे शेवटी रेघोट्या. त्या काय सांगतात ते माणसाच्या शब्दांत सांगायचं असेल तर वारसानं एक पट्टा मानेला बांधायचा. पट्ट्यातलं चुंबकीय क्षेत्र तीच थरथर, पुष्कळ कमी जोरात, त्याच्या मणक्यात उठवतं. मेलेल्या माणसाचं दुखणं जिवंत माणूस काही क्षण वाहतो आणि कोर्टाला सांगतो. डॉ. टोणपे म्हणाल्या की या वेळी पहिल्यांदाच दोन्ही प्रवाह, दाराशी अडून राहिलेल्या दुखण्यासकट, एकत्र सोडता येतील, केतकीची तयारी असेल तर.

जेवणाच्या सुट्टीत काका आणि ती कोर्टाबाहेरच्या टपरीवर उभे होते. चहा गार होत होता.

“नको बांधू तू,” विनूकाका म्हणाला. “मी बांधतो. माझी पण वहिनीच होती.”

“वारस लागतो, काका.”

“मग मी कोण? तिनं मला दहावीला तीनदा बसवलं. चौथ्यांदा बसलो नाही म्हणून दोन दिवस जेवली नाही. एवढ्यावर होत नाही वारस?”

“झाला असतास तर मी तुलाच पुढं केलं असतं,” केतकी म्हणाली. आणि मग, इतके महिने आवळून धरलेलं, कपाकडे बघत, “काका, शेवटी तिला माझ्यामुळं दुखलं असेल तर? म्हणजे, बांधल्यावर तेच कळलं तर?”

“त्या दिवशी मी अर्धं बोललो ते तू धरून बसलीस होय,” काका म्हणाला. “मला पुढं काय म्हणायचं होतं ते मलाच ठाऊक नव्हतं गं. तू आलीस आणि ती रडली. वहिनीला मी त्याआधी रडताना बघितलंच नव्हतं, म्हणून थांबलो.”

केतकीनं कप ठेवला आणि आत गेली.

*

पट्टा गार होता. डॉ. टोणपेंनी तो बांधताना केतकीचे केस अलगद बाजूला केले, वेणी घालणाऱ्या बाईसारखे. “एक दशांश जोर,” त्या म्हणाल्या. “दिवस लांब आहे, आपण तो आवळून काही मिनिटांत बसवलाय. नको झालं तर हात वर करा.”

“मी सांगेन,” केतकी म्हणाली.

आधी दुखणं आलं. ते एक नव्हतं. कंबरेत ठणका होता, संथ, घणासारखा. फासळ्यांत श्वासागणिक सणक उठत होती. मांडीत रग, खांद्यात आग, आणि या सगळ्याच्या खाली, अगदी बारीक, उजव्या तर्जनीच्या टोकाला हुळहुळ. केतकीला ती ओळखीची वाटली आणि मग एकदम कळलं, हा भडंगातला लसूण. केवढं मोडलेलं शरीर आणि त्यात ते बोट अजून आपलं म्हणणं सांगत होतं. एक दशांश. वहिनीला दहापट.

मग दुसरं आलं, वरून.

ते येताना तिला आवाज झाल्यासारखं वाटलं, पण आवाज नव्हता. ठणका, सणक, आग, सगळं जिथून चढत होतं तिथं कुणीतरी येऊन उभं राहिलं. तिच्या लहानपणी कृष्णेला पूर आला होता. पाणी मागच्या दाराशी आलं तेव्हा काका वरच्या माळ्यावर पोती नेत होते आणि वहिनी दाराला पाठ लावून, पाय भिंतीला रोवून बसल्या होत्या. फळ्यांच्या फटींतून पाणी त्यांच्या दोन्ही बाजूंनी उडत होतं आणि त्या केतकीला पाढे म्हणायला सांगत होत्या. तशी ती पाठ आता तिला आतून जाणवली. तिला वाटत आलं होतं की वहिनीला कमी दुखतं. काही माणसांना कमी दुखतंच. आणि इथं पूर सगळा होता, तेवढाच्या तेवढा. फक्त कुणीतरी दार सोडत नव्हतं.

वेळ सरकत होता. ताकद ओसरायला हवी होती. मधूनमधून ती पाठ जराशी वाकायची, फट पडायची, आणि पुन्हा सावरायची. केतकीच्या लक्षात आलं की त्या सावरण्याला ताल आहे. डॉ. टोणपेंनी हळूच नोंदीतली वाक्यं जागच्या जागी वाचायला सुरुवात केली होती.

“मी कळ काढतो.”

आणि दार मिटलं.

“मी कळ काढतो, तू ये.”

आणि दार मिटलं. दिवसभर, दर वेळी, शरीराला जे शक्य नाही असं पुस्तकात लिहिलंय ते, या एका साध्या वाक्यावर. इतकं मोठं काही केतकीनं कधी पाहिलं नव्हतं. डोंगर नाही, धरण नाही, ग्रहणही नाही. सांगलीच्या बाजारातून हळद आणायला निघालेल्या एका बाईच्या मानेत हे होतं, आणि ती त्याला साधं ‘जरा कळ काढायची’ म्हणायची.

“आता संध्याकाळ,” डॉ. टोणपे म्हणाल्या. “तुम्ही आत येताय.”

केतकीनं खुर्चीचे हात घट्ट धरले. हाच तो उंचवटा. तिनं वाट पाहिली ती घावाची, काहीतरी फुटण्याची, पूर दार मोडून आत येण्याची.

दार मोडलं नाही. ते आतून उघडलं.

रोवलेले पाय एका क्षणात सैल झाले, पाठ दारावरून सुटली, आणि दिवसभराचं सगळं दुखणं एकदम आत आलं. पण त्या येण्यात भीती नव्हती. ओझं घरापर्यंत आणून उंबऱ्यात टाकावं तसं ते होतं. केतकीला ते ओळखू यायला वेळ लागला नाही, कारण ते तिनं शेकडो वेळा बघितलं होतं, शाळेच्या मैदानावर, बागेत, लग्नघरांत. पोर पडतं, उठतं, गुडघ्यातून रक्त येतं तरी मुकाट चालत येतं. रडत नाही. इकडेतिकडे बघतं. आणि गर्दीत आई दिसली की मग एकदम रडतं. ती दिसेपर्यंत थांबलेलं असतं.

“थांबवू?” डॉ. टोणपेंनी विचारलं. केतकीचे गाल भिजले होते.

“नको.”

“केतकीताई,” न्यायाधीश पुढं झुकल्या होत्या. “जमेल तसं, शब्दांत सांगा. सायंकाळी जी वेदना वाढली, ती कशामुळं?”

“वाढली नाही. ती सकाळपासून तेवढीच होती,” केतकी म्हणाली. प्रत्येक शब्दाला थांबत होती, पण आवाज स्वच्छ होता. “तिनं धरून ठेवली होती. मी येईपर्यंत. मी आले तेव्हा तिनं ती सोडली. माझ्या हातात.”

न्यायाधीशांनी लेखनिकाकडे पाहिलं. “दोन्ही प्रवाह नोंदीत घ्या. दोन्ही यातना म्हणून.” मगदूम उठले नाहीत.

“एक दुरुस्ती राहिली,” डॉ. टोणपे पडद्याकडे पाहत म्हणाल्या. “शेवटी रुग्ण दोनदा ‘आई गं’ म्हणाल्या आहेत. यंत्रानं ‘वेदनोद्गार’ अशी नोंद केली आहे. ते तसंच करतं, हाक धरत नाही. नाहीतर मिरजेतल्या प्रत्येक वॉर्डात रोज शंभर आया येऊन गेल्याची नोंद व्हायची. इथं तसंच ठेवायचं?”

काका मागच्या बाकावर तोंडाला रुमाल लावून बसला होता.

वहिनींनी तिच्याकडे पाहूनच ते म्हटलं होतं, हे केतकीला त्या संध्याकाळीही दिसलं होतं. अर्थ लागला नव्हता. त्या घरात आई ही हाक कुणाला कधी लागलीच नव्हती. ती सगळ्यांची वहिनी होती, आणि पडल्यावर जिला हाक मारायची अशी तिला स्वतःला कुणी उरली नव्हती. शेवटी तिनं ती हाक समोर आलेल्या मुलीला मारली होती.

पट्ट्यातला जोर ओसरत चालला होता. कंबरेतला ठणका गेला, फासळ्यांतली सणक गेली. तर्जनीच्या टोकाची हुळहुळ तेवढी राहिली. केतकीनं ते बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं. तिनं ओठ आवळले, सवयीनं. मग सोडले.

“आई,” ती म्हणाली. शब्द तोंडात नवा होता, जरा अवघडच. तिनं तो पुन्हा घेतला, या वेळी मोठ्यानं, शाळेच्या मैदानावरून घरापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

“आई गं.”